आबांनी लावलेला ध्रुव

१

हैदराबादमध्ये, चिक्कडपल्लीच्या एका क्लिनिकमध्ये त्रिवेणी एक्स-रे काढायची. सहाला मशीन बंद करायचं, शिशाचा एप्रन खुंटीला अडकवायचा, बाजारातून पावशेर गवार नाहीतर दोन जुड्या मेथी घ्यायची आणि काचीगुड्याची बस पकडायची, हा तिचा अकरा वर्षांचा नेम. गेल्या चार महिन्यांत त्यात एकच भर पडली होती. बसमध्ये बसायला जागा मिळाली की ती मोबाइल काढायची आणि आकाशाचे फोटो कसे काढतात याचे व्हिडिओ बघायची. उभं राहावं लागलं तरी एका हातानं दांडी धरून बघायची. दोनदा तिचा स्टॉप मागे पडला.

तिच्या लग्नासाठी स्थळं बघताना सुशीलाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, जेवढी चौकशी केली नसेल तेवढी त्रिवेणी एका कॅमेऱ्यासाठी करत होती. स्थळं एकेक करून मोडली याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र चूक होऊन चालणार नव्हती.

घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश सरकतं. शटर दोन मिनिटं उघडं ठेवलं तर ताऱ्याचा ठिपका न येता रेघ येते. त्यावर उपाय म्हणजे माउंट. माउंट ही कॅमेऱ्याखालची फिरती बैठक. तिच्यातली मोटार कॅमेऱ्याला आकाशाच्याच चालीनं हळूहळू फिरवते. मग तारे ठिपक्यासारखे नेटके येतात, आणि जमिनीवरचं सगळं, म्हणजे भिंती, झाडं, विजेचे खांब, पसरून पुसट होतं. हे सगळं तिला तोंडपाठ झालं होतं. प्रश्न एवढाच की जवळच्या पैशांत भारी कॅमेरा आणि साधा माउंट घ्यावा, की जुना कॅमेरा आणि भारी माउंट. व्हिडिओतले निम्मे लोक हे सांगत, निम्मे ते. सगळे अगदी छातीठोकपणे.

२

शेवटी निकाल लावला तो आबांनी, आणि हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आबा म्हणजे एकनाथराव, तिचे वडील. वय चौऱ्याहत्तर. मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. जमिनी मोजायच्या, हद्दी ठरवायच्या, खुंट्या ठोकायच्या. पूर्वी बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा. दोन वर्षांपूर्वी सुशीलाबाई गेल्या आणि आबांचं बोलणं आटत गेलं. आता त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते, ‘हं’ आणि ‘नक्को’. दिवसभर आतल्या खोलीत खिडकी लावून पडून असायचे. ताटातली भाकरी अर्धी परत यायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘यांना रोग काही नाही. मन लागेल असं काहीतरी शोधा. असेच राहिले तर वर्षभरात संपतील.’’ ते वाक्य त्रिवेणी रोज बसमधून घरी आणायची.

त्या दिवशी जेवताना तिनं दोन्ही पर्यायांची चित्रं छापून ताटाशेजारी ठेवली होती. आबांनी चष्मा वर सरकवला.

‘‘हे खालचं काय हाय?’’

तिचा घास हातातच राहिला. तिनं सांगितलं, चाचरत, भराभर, जणू मध्येच थांबली तर ते पुन्हा आत जातील.

‘‘मग यात विचार कशाचा करू लालीस?’’ आबा म्हणाले. ‘‘यंत्र किती का भारी असंना, खालचं तिकाटणं हललं की आख्खा नकाशा खोटा. आधी बैठक घे. डोळा नंतर घेता येतो.’’

एवढं बोलून त्यांनी आणखी एक भाकरी मागितली. त्रिवेणी स्वयंपाकघरात गेली आणि तव्याशी उभं राहून रडली. भाकरी करपली ती करपलीच. आबांनी ती तक्रार न करता खाल्ली.

३

कॅमेरा कोठी भागातल्या एका दुकानातून मिळाला, सात-आठ वर्षं वापरलेला, पट्ट्याला कुणाच्यातरी अत्तराचा वास येणारा. माउंट अमेयनं मागवून दिला. अमेय हा पुण्याचा, इकडे आयटीत नोकरीला आलेला. रविवारी आकाश बघणाऱ्यांचा एक ग्रुप होता, तो चालवायचा. फोनवर तो इतक्या उत्साहानं समजवायचा की त्रिवेणीला मध्ये ‘हो’ म्हणायलाही फट मिळत नसे.

‘‘एकच लक्षात ठेवा,’’ त्यानं सांगितलं, ‘‘माउंटच्या पोटात एक बारीक नळी आहे. तिच्यातून ध्रुव दिसला पाहिजे. माउंट ध्रुवाभोवती फिरतो, कारण आकाश ध्रुवाभोवती फिरतं. तेवढं जमलं की जिंकलात.’’

डिसेंबरचा मध्य होता. संध्याकाळी सातला आबांनी स्वेटर चढवला, कानाला मफलर गुंडाळला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गच्चीचा जिना चढले. प्रत्येक मजल्यावर थांबून ‘‘माउंट नीट धर गं’’ म्हणत होते. नऊ किलोंचं ते धूड त्रिवेणीच्या कडेवर होतं.

गच्ची नेहमीसारखीच होती. सिंटेक्सची काळी टाकी, वाळत घातलेल्या सतरंज्या, स्टेशनकडून येणारा अनाउन्समेंटचा घोगरा आवाज. उत्तरेला मात्र मागच्या वर्षी एक नऊ मजली अपार्टमेंट उठलं होतं. त्यानं आकाशाचा तो कोपराच खाऊन टाकला होता.

‘‘ध्रुव कुठला दिसतोय आता,’’ त्रिवेणी हिरमुसली.

आबा गुडघे टेकून बसले होते. पस्तीस वर्षं यंत्राला डोळा लावलेला माणूस, त्याला कोण सांगणार. अपार्टमेंट आणि शेजारची पाण्याची उंच टाकी यांच्या मध्ये हातभर फट होती. तिकडे त्यांनी नळी वळवली, स्क्रू फिरवले आणि बराच वेळ श्वास धरून राहिले.

‘‘सापडला,’’ ते म्हणाले. ‘‘बघ. जागचा हलत नाही. ह्योच.’’

त्रिवेणीनं बघितलं. नळीत, बरोबर मधोमध, एक मंद पिवळट ठिपका होता. लुकलुकत नव्हता. खरंच जागचा हलत नव्हता.

पूर्वेला कठड्यावरून मृग वर येत होता. तिकडे कॅमेरा लावून तिनं बटण दाबलं. मोटार बारीक घुमायला लागली. त्या दोन मिनिटांत दोघांनी एकमेकांकडे बघायचंही टाळलं, इतकी धाकधूक होती.

फोटो आला. कठडा पुसट झाला होता, तसा व्हायलाच हवा होता. मृगाच्या पोटातले तिन्ही तारे दिसत होते, पण ठिपक्यांऐवजी आखूड रेघा. आणि मृगाच्या खाली, कठड्याच्या वीतभर वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा डाग होता. आख्ख्या फोटोत तेवढाच एक ठळक होता.

‘‘पहिलाच फोटो आणि मृग आलाय, बाई,’’ आबा म्हणाले, आणि तिच्या पाठीवर थाप मारली. लहानपणी पास झाल्यावर मारायचे तशी.

४

अमेयनं ताबडतोब निदान केलं. रेघा आल्या म्हणजे ध्रुव नीट लागला नाही, नव्या माणसाचं होतंच असं. काळा डाग म्हणजे आत बसलेली धूळ. जुन्या कॅमेऱ्यात असतेच.

त्रिवेणीला ते पटलं. एक्स-रेच्या फिल्मवरही नाही नाही ते डाग येतात, आणि नवशिके डॉक्टर त्यांना घाबरतात. तिनं लेन्स काढून फुंकणीनं आतून साफ केलं. दुसऱ्या संध्याकाळी डाग होताच. तिनं कॅमेरा आडवा होता तो उभा लावला. धूळ असती तर कॅमेऱ्याबरोबर वळली असती. डाग आपला मृगाच्या खालीच. लेन्स बदलली, तरी तिथंच. पाच फोटो काढले, पाचही फोटोंत तारे आपापल्या रेघा ओढत होते, कठडा पसरत होता, आणि डाग सुईनं टोचल्यासारखा एका जागी.

एक रेघ त्या डागाच्या काठाशी येऊन तुटली होती आणि पलीकडून पुन्हा सुरू झाली होती. म्हणजे तारा त्याच्या मागून गेला होता.

हे सगळं तिनं आबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. ‘‘म्हणजे ते ताऱ्याच्या चालीनं चालत नाही, जमिनीच्याबी नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘आपल्या माउंटच्या चालीनं चालतंय.’’

मग अगदी एकाच वेळी दोघांना हसू फुटलं. नवीन धूमकेतू, एखादा लघुग्रह, कुणाला न दिसलेलं काहीतरी, आणि ते सापडावं काचीगुड्याच्या गच्चीवर, सतरंज्यांच्या दोरीखाली. त्रिवेणीला त्या रात्री झोप लागली नाही. नाव काय ठेवतात अशा गोष्टींना, हे ती मोबाइलवर शोधत राहिली. आईचं ठेवता येईल का, हेही.

सकाळी तिनं अमेयला सगळे फोटो पाठवले. त्यानं संध्याकाळी त्याच वेळेला आपल्या गच्चीवरून, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, तोच मृग टिपला. त्याचे तारे ठिपक्यासारखे छान आले होते. डाग नव्हता.

‘‘तुमच्याच आसपासचं काहीतरी आहे,’’ त्यानं लिहिलं. ‘‘पतंग वगैरे अडकलाय का बघा.’’

५

आबांनी तो निरोप वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. जवळचं आहे म्हणजे मोजता येईल.

नाकासमोर बोट धरावं आणि आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. बोट जितकं जवळ, उडी तितकी मोठी. आबांनी आयुष्यभर नदीपलीकडची झाडं याच हिशेबानं मोजली होती, नदी न ओलांडता. गच्चीची लांबी त्यांनी टेप लावून तीनदा मोजली. चौदा मीटर. दोन्ही टोकांना खडूनं फुल्या मारल्या. आता एकदा या फुलीवरून फोटो, एकदा त्या फुलीवरून, आणि ताऱ्यांच्या मानानं डाग किती सरकला ते बघायचं. कोपरा बदलला की आबा नळीला डोळा लावून आपला ध्रुव पुन्हा शोधायचे. तो दोन्ही कोपऱ्यांवरून फटीच्या मधोमधच सापडायचा. यात काही चमत्कारिक आहे हे त्रिवेणीला त्या गडबडीत सुचलं नाही.

खोलीत दिवा लावून, जुनी पट्टी आणि कोनमापक घेऊन आबा तासभर कागदावर वाकले होते. त्रिवेणी दाराशी उभी राहून नुसती बघत होती.

‘‘चारशे बारा मीटर,’’ त्यांनी जाहीर केलं.

धूमकेतू गेला, पण उत्साह काही गेला नाही. चारशे मीटरवर, अधांतरी, काचीगुड्याच्या घरांवर काय असेल. ड्रोन म्हणावा तर एवढा वेळ एका जागी राहणार नाही. फुगा म्हणावा तर वाऱ्यानं हलेल. आबांनी निजामाबादला आपल्या जुन्या सहकाऱ्याला, हणमंतरावांना, फोन लावला आणि पाऊण तास बोलले. मध्ये मध्ये त्यांचं खो खो हसणं ऐकू येत होतं. सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकी उघडली. दाढी केली. ‘‘भाकरी दोन टाक,’’ म्हणाले.

तीन दिवसांनी पुन्हा मोजलं. दोनशे पासष्ट.

आबांनी कागद खोडला, पुन्हा मांडला. आकडा तोच आला. त्यानंतरच्या शनिवारी एकशे वीस.

‘‘तुमचं काही चुकतंय का आबा?’’ त्रिवेणीनं जपून विचारलं.

‘‘पहिल्या खेपेला मलाबी तसंच वाटलं. नाही चुकत.’’ त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा चेहरा उजळला होता, तापातल्या माणसाचा असतो तसा. ‘‘येऊ लालंय गं ते. पस्तीस वर्षं मी बिंदूकडं चालत गेलो. चिखलातून, उन्हातून, काट्यांतून. बिंदू आपल्या पायानं माझ्याकडं येऊ लालाय असं पहिल्यांदाच घडतंय.’’

त्रिवेणीनं फोटो मोठा करून बघितला. तांदळाचा दाणा आता हरभऱ्याएवढा झाला होता, आणि गोल नव्हता. एक्स-रे काढताना तिनं हजारदा अनुभवलं होतं की जी वस्तू फिल्मला चिकटून असते तिची सावली धारदार येते, आणि लांबच्या वस्तूची सावली पसरते. या डागाची कड पहिल्या दिवसापासून धारदार होती. आता ती आणखी धारदार झाली होती. स्वयंपाकघरातून आबांचं गुणगुणणं ऐकू येत होतं, आणि ते आईचं आवडतं भजन होतं.

६

रविवारी तिनं अमेयला फोन केला आणि जरा आडवळणानं विचारलं, ध्रुव नीट लावलाय हे ओळखायचं कसं.

‘‘सोपं आहे. हैदराबादहून ध्रुव खूप खाली दिसतो, क्षितिजावर सतराएक अंश. माउंटचा कल किती आहे?’’

माउंटच्या बाजूच्या पट्टीवरचा आकडा आबांनी कागदावर टिपला होता, तो तिनं वाचला. ‘‘एकतीस.’’

‘‘एकतीस? मग तुम्ही भलत्याच ताऱ्यावर लावलाय. आणि नकाशात बघितलं तर तुमचा ध्रुव त्या नऊ मजली इमारतीच्या मागे येतो. तुमच्या गच्चीवरून तो दिसणं शक्यच नाही. तुम्ही बघितलं काय?’’

ती दुपारीच वर गेली. नळी आबांनी लावलेल्या दिशेलाच होती. भर उन्हात तिनं डोळा लावला. फटीत निळं आकाश होतं. खांब नव्हता, तार नव्हती, दिवा नव्हता. काल संध्याकाळी तिथं काय पिवळं दिसत होतं ते लावायला जागाच नव्हती. मग एक साधा विचार तिच्या मनात आला आणि गेला नाही. माउंट ज्या ठिपक्याभोवती फिरतो त्याच ठिपक्याभोवती तो डागही फिरतो. म्हणून तर तो ठळक येतो. आकाश ध्रुवाभोवती फिरतं, तसं काहीतरी याच्याभोवती फिरतंय.

आबा झोपले होते. तिनं मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, माउंट इमारतीच्या आंधळ्या भिंतीकडे वळवला आणि कल सतरावर आणला. स्क्रू घट्ट होते. आबांनी जोर लावून आवळले होते.

संध्याकाळी फोटो आला तेव्हा ती ओरडलीच. मृगाचे तारे मोहरीसारखे बारीक, गोल. तीन ताऱ्यांच्या शेजारी तो गुलाबी धूसर तेजोमेघ, ज्याच्यासाठी माणसं हे वेड पत्करतात. डाग नव्हता. डागाच्या जागी कठड्यावर एक पुसटसा काळपट ओरखडा होता, तो धुराचाही असू शकला असता. तिचा जीव भांड्यात पडला.

‘‘आबा, बघा तरी. खरं मृगाचं पोट आहे हे.’’

आबांनी बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, ‘‘सुंदर हाय,’’ आणि भिंतीला धरत जिना उतरून गेले. तिनं काय केलं ते त्यांनी विचारलं नाही. मोजणीदाराला न विचारता यंत्र हलवलं होतं, ते त्यांना पट्टीकडे बघताच कळलं असणार.

७

दुसऱ्या दिवशी खिडकी लावलेली होती. भाकरी अर्धी परत आली. तिसऱ्या दिवशी सगळी परत आली. हणमंतरावांचा फोन आला, तो त्यांनी वाजू दिला. त्रिवेणीनं तो फोटो मोठा छापून त्यांच्या पलंगासमोर लावला. आबा कुशीवर वळले.

‘‘आबा, थोडं दूध तरी घ्या.’’

‘‘नक्को.’’

रात्री ती त्यांच्या दाराबाहेर बसून श्वास ऐकायची. आत एक जुनं टेबलघड्याळ होतं. त्याची टिकटिक आबांच्या श्वासापेक्षा मोठी ऐकू यायची. सुशीलाबाई गेल्या तेव्हाही असंच झालं होतं. आधी जेवण गेलं, मग बोलणं, मग माणूस.

सहाव्या दिवशी ते उठून बसेनात. ती भिंतीला टेकली आणि मनाशी हिशेब घातला. इकडे एक काळा डाग, जो फक्त फोटोत येतो. तिकडे आबा. सगळ्या अकलेनिशी, डोळे उघडे ठेवून तिनं निवड केली. वर गेली, कल एकतीसवर आणला आणि नळी फटीकडे वळवली. अंधार पडत होता. पिवळा ठिपका मधोमध होता, तिची वाट बघत असल्यासारखा.

खाली येऊन ती म्हणाली, ‘‘आबा, तुमचा ध्रुव लावलाय. चला, मोजू या.’’

आबांनी डोळे उघडले. ‘‘आधी कपभर चहा टाक,’’ म्हणाले.

८

दोन्ही फुल्यांवरून फोटो काढायला वीस मिनिटं लागली. दोन पायऱ्या चढताना दम लागणारे आबा गच्चीवर पोरासारखे इकडून तिकडे जात होते. गणित त्यांनी कागदाशिवायच केलं. टाकीच्या बाजूला चालत गेले, टेप ताणली, फरशीवर खडूनं एक टिंब काढलं.

‘‘इथं,’’ ते म्हणाले.

त्रिवेणीनं बघितलं. तिथं काही नव्हतं. फरशी होती, तिच्यावर चिमणीची शीट होती. खाली रस्त्यावरून बस गेली, कुणीतरी कुकरची शिट्टी बंद केली. सगळं जागच्या जागी होतं, आणि तिचे पाय मात्र टाकीकडे जायला तयार नव्हते.

‘‘बिंदू सापडला की तिथं खुंटी ठोकायची असती,’’ आबा म्हणाले. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, बरोबर टिंबावर ठेवली आणि ऐसपैस बसले. ‘‘काढ आता. खुंटीसकट काढ.’’

‘‘तिथून उठा ना आबा.’’

‘‘अगं, काय होतंय? किती बरं वाटू लालंय मला. काढ.’’

खरंच त्यांना बरं वाटत होतं. गालांवर रंग आला होता. तिनं रुंद लेन्स लावली, म्हणजे खुर्ची, टाकी, कठडा सगळं मावेल, आणि एकामागून एक फोटो निघून मोबाइलवर येत राहतील असं कॅमेऱ्याला सांगितलं. शटर उघडलं. मोटारीचं घुमणं आज जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. जात्यावर दळताना दुसऱ्या बाईनं खुंट्याला हात लावला की ते जसं हलकं होतं, तसा माउंट फिरत होता.

पहिला फोटो आला. कठडा पुसट होता. टाकी पुसट होती. खुर्चीचे चारही पाय पसरले होते. आणि खुर्चीत बसलेले आबा ठळक होते. स्वेटरची वीण, मफलरची गाठ, भुवईचा एकेक पांढरा केस.

आबा दोन मिनिटं अगदी स्थिर बसले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. मग तिला आठवलं की स्थिर बसलेला माणूस पुसट यायला हवा होता.

दुसरा फोटो. आबा फोटोत तिथंच होते. खुर्ची बोटभर खाली सरकली होती.

तिनं मान वर करून बघितलं. आबा खुर्चीत होते, नीट टेकून. ‘‘हणमंतरावाला बोलवू या रविवारी,’’ ते म्हणाले. ‘‘त्यालाबी बघू दे.’’

‘‘हो,’’ ती म्हणाली.

पाचवा फोटो. आबांच्या पायांखालून फरशी सुटली होती. सातवा. खुर्ची रिकामी होती, पुसट, आणि तिच्या हातभर वर आबा गुडघे वाकवून बसले होते, कशावरही नाही. त्यांच्या खांद्यामागे जी काळी कड दिसत होती ती टाकीची नव्हती. टाकी पलीकडे होती, पसरलेली. ही कड धारदार होती, त्या डागाच्या कडेसारखीच, आणि आबांच्या खांद्याला लागून होती. आबा हसत होते. इतके खूश ते आई असताना दिसायचे.

त्रिवेणीनं माउंटचं बटण दाबलं. मोटारीचा दिवा विझला. तरी माउंट फिरत राहिला.

मग ती धावली. पाय तयार नव्हते तरी धावली. खुर्चीपाशी गुडघ्यांवर आपटली आणि आबांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. हात ऊबदार होता, हाडकुळा, पेन्सिल धरून पडलेल्या घट्ट्याचा. आबा खुर्चीतच होते. वजनासकट, श्वासासकट. तिनं त्यांच्या मांडीवर डोकं टेकवलं.

‘‘काय झालं गं बाई?’’ आबा म्हणाले आणि तिच्या केसांवरून हात फिरवायला लागले. ‘‘मी कुठं चाललोय का?’’

शटर बंद झालं, पुन्हा उघडलं. किती वेळा, ते तिनं मोजलं नाही. स्टेशनात कुठलीशी गाडी लागल्याची घोषणा झाली. गार वारा सुटला होता. आबांचा हात तिनं एका क्षणासाठीही सोडला नाही, आणि त्याच अवस्थेत मान वळवून तिनं शेजारी फरशीवर पडलेल्या मोबाइलच्या पडद्याकडे बघितलं.

नवा फोटो आला होता. फोटोत खुर्ची कडेला, जवळजवळ चौकटीबाहेर गेली होती. तिच्याशी एक बाई गुडघ्यांवर बसली होती, पुसट, चेहरा ओळखू न येण्याइतकी. तिचे दोन्ही हात वर, आबांकडे ताणलेले होते. मनगटापर्यंत तेही पुसट होते. मनगटांपुढची दहा बोटं मात्र लख्ख ठळक आली होती, नखांवरच्या उतरलेल्या रंगासकट.

तिनं पकड आणखी घट्ट केली.